भांडण बँडचे, दुखणे कानाचे

लग्नसराईत मलकापूर भागातल्या बँडवाल्यांत हमखास खटके उडतात. ट्रम्पेटवाला म्हणतो, ‘ड्रम फार जोरात वाजतोय’. ड्रमवाला म्हणतो, ‘मला तर काहीच ऐकू येत नाही.’ दोघेही खरेच बोलत असतात! तासन्‌तास मोठ्या आवाजात राहिले की कान तात्पुरते बधिर होतात. मग जो तो आणखी जोर लावतो. ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरली, तर ८८ डेसिबलला चारच उरतात. त्यात जागरण, पोटात अन्न नाही. अशा वेळी सुपारीच्या पैशांचा हिशेब काढूच नये. तो दुसऱ्या दिवशी, झोप झाल्यावर. वाजवताना इअरप्लग घालावेत. कापसाचा बोळा पुरत नाही. दुसऱ्या दिवशीही कानात शिट्टी वाजत राहिली, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवणतपासणी करून घ्यावी, भांडलेल्या दोघांनीही.