लहान धंदेवाल्यांस विनामूल्य शिक्षण

इस्लापूरच्या बाजारांत शिवणकाम वा किराणा चालविणारे कित्येक जण मूळचे शेतकरीच होत. त्यांस धंद्याचें शिक्षण फुकट मिळूं शकतें, हें आम्ही येथें कळवितों.

१९८२ सालीं कर्नाटकांत उजिरे येथें धर्मस्थळच्या विश्वस्तसंस्थेनें तेव्हांच्या सिंडिकेट व कॅनरा बँकांच्या साह्यानें अशी संस्था काढली. तिच्या नमुन्यावर आतां नांदेडसह अनेक जिल्ह्यांत बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था चालतात. राहणें-जेवण विनामूल्य असून पुढेंही मार्गदर्शन मिळतें. आपल्या धंद्याचा वर्ग व प्रवेशाच्या अटी मात्र आधीं विचारून घ्याव्या.

तथापि शिक्षण फुकट असलें, तरी तितके दिवस बंद राहिलेलें दुकान फुकट नव्हे. हें नुकसान भरून काढील तो हिशेबच. समजा, दिवसाची शिलाई ३०० रुपये झाली व सूत, वीज, भाडें यांत १२० गेले. उरलेले १८० हा नफा नव्हे. ती शिवणाऱ्याची मजुरी होय. ते गल्ल्यांतून न लिहितां घरखर्चांत गेले, तर तोटा वर्षअखेरही दिसत नाहीं.

म्हणून घरांतील एकानें दुकान सांभाळावें, दुसऱ्यानें शिकावयास जावें. आणि परत येतांच रोजमेळ लिहावयास लागावें. बँकेपुढें कर्ज मागतांना तीच वही आपल्या बाजूनें बोलेल.