गोव्यातील क्लबांची आय-लीगमधून माघार (२०१६)

गोव्यातील क्लबांची आय-लीगमधून माघार ही भारतीय फुटबॉलमधील इ.स. २०१६ मधील घटना आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने इंडियन सुपर लीग या फ्रँचायझी स्पर्धेला देशातील सर्वोच्च श्रेणीचा दर्जा देण्याचा व तोवर सर्वोच्च असलेल्या आय-लीगला दुसऱ्या श्रेणीत ठेवण्याचा आराखडा मांडला. त्याच्या निषेधार्थ साळगावकर फुटबॉल क्लब, स्पोर्टिंग क्लुब द गोवा आणि धेंपो स्पोर्ट्स क्लब हे गोव्यातील तीन क्लब राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले. निवडक क्लबांच्या बंद लीगविरुद्ध जगभर व्यक्त होणाऱ्या रोषाचे हे भारतातील प्रमुख उदाहरण मानता येते. युरोपात २०२१ मध्ये अशीच योजना समर्थकांच्या विरोधामुळे काही दिवसांत कोसळली. भारतात मात्र ती योजना टिकली आणि विरोध करणारे क्लब बाजूला पडले.

पार्श्वभूमी

पोर्तुगीज राजवटीत गोव्यात रुजलेला फुटबॉल हा तेथील गावागावांचा खेळ आहे. चर्चसमोरील पटांगणे, भातकापणीनंतर मोकळी होणारी शेते आणि गावांमधील चुरशीच्या स्पर्धा यांतून खेळाडू घडत. पुढे या खेळाला स्थानिक उद्योगसमूहांचे पाठबळ मिळाले. खाण व जहाज व्यवसायातील साळगावकर कुटुंबाने १९५६ मध्ये वास्को येथे स्थापलेला क्लब, धेंपो उद्योगसमूहाचा पणजीतील क्लब, १९८८ मध्ये मडगाव परिसरात उभा राहिलेला चर्चिल ब्रदर्स आणि १९९९ मधील स्पोर्टिंग क्लुब द गोवा हे त्यांपैकी प्रमुख होत. भारताचे माजी कर्णधार व गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर आणि आघाडीवीर ब्रुनो कुतिन्हो हे साळगावकर क्लबकडून खेळले.

देशव्यापी साखळी स्पर्धा १९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग या नावाने सुरू झाली. २००७ मध्ये तिची पुनर्रचना होऊन आय-लीग अस्तित्वात आली. आय-लीगच्या पहिल्या सहाही हंगामांचे विजेतेपद गोव्यातील क्लबांनी मिळवले. धेंपोने २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ मध्ये, चर्चिल ब्रदर्सने २००८-०९ आणि २०१२-१३ मध्ये, तर साळगावकरने २०१०-११ मध्ये ही स्पर्धा जिंकली. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली धेंपोने राष्ट्रीय लीगची दोन व आय-लीगची तीन अशी एकूण पाच राष्ट्रीय विजेतेपदे पटकावली आणि २००८ मध्ये ए.एफ.सी. चषकाची उपांत्य फेरी गाठली. २०१३-१४ च्या हंगामात आय-लीगमधील १३ संघांपैकी ४ संघ एकट्या गोव्याचे होते. लोकसंख्येने देशातील सर्वांत लहान राज्यांपैकी एक असलेल्या गोव्यासाठी हे प्रमाण लक्षणीय होते.

खुली आणि बंद लीग

जगातील बहुतेक फुटबॉल लीग खुल्या असतात. वरच्या श्रेणीत तळाला राहिलेले संघ खालच्या श्रेणीत जातात आणि खालच्या श्रेणीतील अग्रस्थानी असलेले संघ वर येतात. या पद्धतीला बढती व पदावनती असे म्हणतात. तत्त्वतः अमरावती जिल्ह्यातील नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्याच्या गावातील संघही जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय अशा पायऱ्या चढून सर्वोच्च श्रेणीत पोहोचू शकतो. प्रत्यक्षात असे क्वचित घडते. तरीही ती वाट खुली असणे हाच लहान क्लबांच्या अस्तित्वाचा व त्यांच्या समर्थकांच्या आशेचा आधार असतो.

बंद लीगमध्ये संघांची संख्या व नावे आधीच ठरलेली असतात. प्रवेश मैदानावरील निकालावर नव्हे, तर शुल्क व करारावर अवलंबून असतो. अमेरिकेतील बहुतेक व्यावसायिक क्रीडास्पर्धा आणि भारतातील इंडियन प्रीमियर लीग याच पद्धतीने चालतात. अशा रचनेत खालच्या श्रेणीत जाण्याची भीती नसल्याने गुंतवणूकदाराला स्थैर्य मिळते. मात्र बाहेर राहिलेल्या क्लबाने कितीही चांगली कामगिरी केली तरी त्याला वर जाता येत नाही.

इंडियन सुपर लीगची स्थापना

डिसेंबर २०१० मध्ये महासंघाने रिलायन्स इंडस्ट्रीज व आय.एम.जी. यांच्याशी १५ वर्षांचा व ७०० कोटी रुपयांचा व्यावसायिक हक्कांचा करार केला. या करारातूनच पुढे नव्या लीगची कल्पना आकाराला आली. २०१३ मध्ये आय-लीगमधील क्लबांनी एकत्र येऊन या योजनेला विरोध केला आणि नव्या लीगसाठी आपले खेळाडू देण्यास सुरुवातीला नकार दिला. हा विरोध फार काळ टिकला नाही.

१२ ऑक्टोबर २०१४ रोजी कोलकाता येथे इंडियन सुपर लीगचा पहिला सामना झाला. आठ संघांच्या या स्पर्धेचा हंगाम अवघ्या काही आठवड्यांचा होता आणि उर्वरित काळात आय-लीग खेळवली जात असे. गोव्याच्या वाट्याला एफसी गोवा हा संघ आला. ब्राझीलचे झिको त्याचे पहिले प्रशिक्षक होते आणि फ्रान्सचे रॉबेर पिरेस पहिल्या हंगामात त्याच्याकडून खेळले. साळगावकर व धेंपो या दोन्ही क्लबांचे चालक आरंभी या संघाच्या मालकीत भागीदार होते. त्यामुळे गोव्यातील संघर्ष जुने विरुद्ध नवे इतका सरळ नव्हता. तीच माणसे आणि तेच प्रेक्षक दोन्ही बाजूंना होते.

आराखडा आणि माघार

मे २०१६ मध्ये महासंघाने क्लबांपुढे नवा आराखडा ठेवला. त्यानुसार इंडियन सुपर लीग ही सर्वोच्च श्रेणी होणार होती. आय-लीगचे रूपांतर तिच्याखालील ‘लीग वन’मध्ये होणार होते आणि या दोहोंमध्ये बढती-पदावनती असणार नव्हती. म्हणजेच आय-लीगमधील क्लब कोणताही सामना न हरता दुसऱ्या श्रेणीत जाणार होते आणि विजेतेपद मिळवूनही तेथेच राहणार होते.

जून २०१६ मध्ये साळगावकर व स्पोर्टिंग क्लुब द गोवा यांनी आय-लीगमधून माघार घेतली. त्याच वर्षी द्वितीय श्रेणीची स्पर्धा जिंकून आय-लीगमध्ये परतण्याचा हक्क मिळवलेल्या धेंपोनेही तसाच निर्णय घेतला. सर्वोच्च स्थानाची शक्यताच उरत नसेल तर संघावर दरवर्षी मोठा खर्च करण्यात अर्थ नाही, अशी या क्लबांची भूमिका होती. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने गोव्यातील खाणकाम थांबल्यानंतर खाण उद्योगाशी निगडित समूहांची आर्थिक ओढाताण सुरू झाली होती, ही बाबही पार्श्वभूमीला होती.

चर्चिल ब्रदर्सला २०१४ मध्ये परवान्याच्या निकषांवरून स्पर्धेबाहेर ठेवण्यात आले होते. तो क्लब २०१६-१७ मध्ये परतला आणि त्या हंगामातील १० संघांमध्ये गोव्याचा एकमेव प्रतिनिधी ठरला. तीन वर्षांत गोव्याची संख्या चारवरून एकवर आली.

माघारीचा एक अनपेक्षित परिणाम मिझोराममध्ये दिसला. २०१५-१६ मध्ये पदावनत झालेल्या ऐझॉल एफसीला रिक्त जागांमुळे पुन्हा प्रवेश मिळाला. मुंबई एफसीचे माजी प्रशिक्षक खालिद जमील यांच्या मार्गदर्शनाखाली या संघाने २०१६-१७ चे विजेतेपद जिंकले. राष्ट्रीय लीग जिंकणारा तो ईशान्य भारतातील पहिला क्लब ठरला. तरीही त्याला इंडियन सुपर लीगमध्ये स्थान मिळाले नाही. प्रवेशाची मागणी करीत क्लबने आंदोलनाचा इशारा दिला, पण उपयोग झाला नाही. खुल्या लीगमुळे काय घडू शकते आणि बंद लीगमुळे काय अडते, हे दोन्ही या एका उदाहरणात दिसून आले.

समर्थकांची नाराजी

समर्थकांच्या नाराजीमागे प्रामुख्याने तीन कारणे होती. पहिले कारण न्यायाचे होते. अनेक दशके खेळून मिळवलेले स्थान एका व्यावसायिक करारामुळे जावे, हे त्यांना मान्य नव्हते. दुसरे कारण ओळखीचे होते. साळगावकर म्हणजे वास्को, चर्चिल ब्रदर्स म्हणजे सासष्टी अशी नाती पिढ्यांमधून जुळली होती. धेंपो विरुद्ध चर्चिल किंवा साळगावकर विरुद्ध स्पोर्टिंग या सामन्यांची चुरस राज्यातील एकाच संघामुळे भरून निघणारी नव्हती. तिसरे कारण स्थानिक खेळाडूंच्या संधींचे होते. चार राष्ट्रीय संघांत मिळून जितक्या गोमंतकीय खेळाडूंना नोकरी व सामने मिळत, तितक्यांना एका संघात जागा मिळणे शक्य नव्हते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. आय-लीगच्या अनेक सामन्यांना प्रेक्षकांची उपस्थिती तुरळक असे आणि दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपण अनियमित होते. इंडियन सुपर लीगने मैदाने, प्रकाशयोजना, प्रक्षेपण आणि खेळाडूंचे मानधन यांत सुधारणा घडवली. फातोर्डा येथील जवाहरलाल नेहरू स्टेडियम एफसी गोवाच्या सामन्यांना भरू लागले. डिसेंबर २०१५ मध्ये तेथेच झालेल्या अंतिम सामन्यात एफसी गोवा चेन्नईयिनकडून २-३ असा पराभूत झाला. तोवर जुन्या क्लबांच्या अनेक समर्थकांनी या संघालाही आपलेसे केले होते. पुढे २०२१ मध्ये एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा एफसी गोवा हा पहिला भारतीय क्लब ठरला.

महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्रातील क्लबांचा इतिहास अधिक खंडित आहे. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा मुंबईचा महिंद्रा युनायटेड क्लब इंडियन सुपर लीगच्या आधीच, २०१० मध्ये बंद झाला. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरे स्थान मिळवणारा पुणे एफसी आणि केवळ एक हंगाम खेळलेला पुण्याचाच भारत एफसी हे दोन्ही क्लब २०१५ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेतून नाहीसे झाले. मुंबई एफसी व डीएसके शिवाजीयन्स २०१६-१७ नंतर आय-लीगमध्ये दिसले नाहीत. फ्रँचायझी पद्धतीनेही स्थैर्याची हमी दिली नाही. इंडियन सुपर लीगच्या संस्थापक संघांपैकी एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादमधील संघाने घेतली. पुण्यातील प्रेक्षकांनी अशा प्रकारे पाच वर्षांत अनेक संघ गमावले.

पुढील घडामोडी

२०१७ पासून आशियाई फुटबॉल महासंघाच्या संमतीने दोन्ही लीग समांतर खेळवल्या जाऊ लागल्या. २०१९ मध्ये आय-लीगमधील काही क्लबांनी पंतप्रधानांना पत्र लिहून आपली बाजू मांडली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आशियाई महासंघाने मान्य केलेल्या आराखड्यानुसार इंडियन सुपर लीग अधिकृतपणे सर्वोच्च श्रेणी झाली. मात्र २०२२-२३ पासून आय-लीग विजेत्याला शुल्काविना बढती देण्याची अटही त्यात होती. त्यानुसार २०२३ मध्ये पंजाब एफसी व २०२४ मध्ये मोहम्मेडन स्पोर्टिंग यांना प्रवेश मिळाला. पदावनतीची तरतूद मात्र लगेच अमलात आली नाही.

२०२० मध्ये कोलकात्याच्या मोहन बागानची एटीके या फ्रँचायझीशी जोडणी होऊन ‘एटीके मोहन बागान’ हे नाव आले. क्लबच्या समर्थकांनी या नावाविरुद्ध दीर्घकाळ निदर्शने केली. १८ मार्च २०२३ रोजी फातोर्डा येथील अंतिम सामना जिंकल्यानंतर मालकांनी नावातून ‘एटीके’ वगळण्याची घोषणा केली. भारतीय फुटबॉलमध्ये समर्थकांच्या दबावामुळे मालकांना निर्णय बदलावा लागल्याचे हे ठळक उदाहरण आहे.

युरोपीय सुपर लीगशी तुलना

१८ एप्रिल २०२१ रोजी इंग्लंड, स्पेन व इटलीतील १२ श्रीमंत क्लबांनी युरोपीय सुपर लीगची घोषणा केली. २० संघांच्या या लीगमध्ये १५ संघांना कायमचे स्थान मिळणार होते. दोनच दिवसांत लंडनमध्ये चेल्सीच्या मैदानाबाहेर समर्थकांनी रस्ता अडवला आणि सहाही इंग्लिश क्लबांनी माघार घेतली. २ मे रोजी मँचेस्टर युनायटेडचे समर्थक मैदानात घुसल्याने लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला.

दोन्ही प्रकरणांतील फरक महत्त्वाचे आहेत. युरोपात फिफा, युएफा व राष्ट्रीय महासंघ या योजनेच्या विरोधात होते, तर भारतात महासंघच तिचा पुरस्कर्ता होता. त्यामुळे इंडियन सुपर लीगला काटेकोर अर्थाने फुटीर लीग म्हणता येत नाही. युरोपात निवडल्या गेलेल्या क्लबांचे समर्थकच विरोधात उतरले. भारतात नाराजी मुख्यतः वगळलेल्यांची होती, आणि वगळलेल्यांच्या हाती बहिष्काराखेरीज साधन नव्हते. जर्मनीत क्लबमधील बहुसंख्य मतांचा हक्क सभासदांकडे ठेवणारा नियम आहे आणि तेथील एकही क्लब युरोपीय योजनेत सामील झाला नाही. गोव्यातील क्लब उद्योगसमूहांच्या मालकीचे असल्याने प्रवेशाचा आणि माघारीचा असे दोन्ही निर्णय समर्थकांना न विचारताच झाले.

वारसा

माघारीनंतरही साळगावकर, स्पोर्टिंग व धेंपो हे क्लब गोव्यातील राज्य लीग आणि युवा गटांच्या स्पर्धांमध्ये खेळत राहिले. धेंपोने पुढे आय-लीगच्या खालच्या श्रेणीतून पुन्हा सुरुवात केली आणि बढती मिळवून २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये पुनरागमन केले. जुलै २०२५ मध्ये, डिसेंबर २०२५ मध्ये संपणाऱ्या व्यावसायिक कराराचे भवितव्य अनिश्चित असल्यामुळे, आयोजकांनी इंडियन सुपर लीगचा आगामी हंगाम स्थगित ठेवला. ज्या करारामुळे जुने क्लब दुय्यम ठरले होते, त्याच कराराच्या अखेरीस सर्वोच्च श्रेणीतील क्लब व खेळाडूंनाही अनिश्चिततेला सामोरे जावे लागले. लीगचा पाया करारावर असावा की मैदानावरील कामगिरीवर, हा २०१६ मध्ये गोव्यातील क्लबांनी उपस्थित केलेला प्रश्न त्यामुळे पुन्हा चर्चेत आला.