डोकी मोजायची की अंतर? नंदुरबार आणि आरोग्यधोरणाचं माप

शासनाचं आरोग्यधोरण आणि माणसाला प्रत्यक्ष मिळणारे उपचार, यांचा संबंध काय, हा आजचा विषय. विषय मोठा आहे. म्हणून आपण एकच जिल्हा घेऊ, नंदुरबार. आणि प्रश्नही एकच घेऊ: धोरण नेमकं मोजतं काय?

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी आरोग्यावर का बोलावं, असं कोणाला वाटेल. औषधोपचारांवर आम्ही बोलणार नाही, तो आमचा अधिकार नाही. पण कशाला समान म्हणायचं आणि ते कोणत्या मापाने ठरवायचं, हा ॲरिस्टॉटलपासूनचा आमचा प्रश्न आहे. आरोग्याच्या बाबतीत तो अगदी पायवाटेवर येऊन उभा राहतो.

आधी जिल्हा समजून घेऊ. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला. तालुके सहा. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख, त्यात अनुसूचित जमातींचे लोक जवळपास ६९ टक्के. दक्षिणेला तापीचं सपाट खोरं: शहादा, नंदुरबार. उत्तरेला सातपुडा: अक्कलकुवा आणि अक्राणी, म्हणजे आपण ज्याला धडगाव तालुका म्हणतो तो. त्याच्याही पलीकडे नर्मदा, आणि तिच्या पात्रात सरदार सरोवराचं साठलेलं पाणी. नकाशावर जिल्हा एक आहे, चालायला लागलं की दोन आहेत.

आता दोन शब्द वेगळे करू. एक 'उपलब्ध' आणि दुसरा 'आवाक्यात'. डोंगराच्या पायथ्याशी आरोग्य केंद्र आहे, म्हणजे ते उपलब्ध आहे. पण पावसाळ्यात ओढा भरला, बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या आणि बाईला बांबूच्या झोळीत घालून दोन-तीन तास उतरावं लागलं, तर ते तिच्या आवाक्यात आहे का? कागद पहिला शब्द लिहितो, जीव दुसऱ्यावर अवलंबून असतो. या दोन शब्दांमधलं अंतर निसर्गानेच निर्माण केलं, असं आपण सहज म्हणतो. डोंगर निसर्गाचा आहे हे खरं. पण त्या डोंगराचा हिशेब कसा धरायचा, हे धोरण ठरवतं. ते तीन मापांनी कसं ठरवतं, ते बघा.

पहिलं माप डोक्यांचं. देशभराचा निकष असा: सपाट भागात ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५ हजारांमागे एक उपकेंद्र. आदिवासी व डोंगराळ भागात हेच आकडे २० हजार आणि ३ हजार. म्हणजे डोंगराला सवलत दिलेली आहे, आणि ती द्यायला हवी हे तत्त्व शासनाने मान्यही केलेलं आहे. पण माप तेच राहिलं, डोक्यांचं. सपाटीवर ३ हजार माणसं एखाद्या गावातच भेटतात. सातपुड्यात तेवढी माणसं जमवायला किती टेकड्या ओलांडाव्या लागतील? लोकसंख्या विरळ झाली की केंद्राचं क्षेत्र आपोआप पसरतं. नियम पाळला गेला तरी अंतर वाढतं.

दुसरं माप वस्तीचं. तिकडे गाव म्हणजे एक आळी, एक पार, एक देऊळ असं नसतं. एका गावाचे अनेक पाडे असतात, उतारावर पांगलेले. गावाला रस्ता झाला म्हणजे पाड्याला झाला असं नाही. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेने गावाऐवजी वस्ती हे एकक धरलं, ही चांगली गोष्ट होती. पण तिथेही उंबरठा आला: सपाटीवर ५०० लोकवस्ती, आदिवासी आणि डोंगरी भागात २५०. मग दीडशे माणसांच्या पाड्याचं काय? २०२३मध्ये आलेल्या पीएम-जनमन योजनेत ही मर्यादा १००पर्यंत खाली आणली, पण ती विशेष असुरक्षित आदिम गटांसाठी. महाराष्ट्रात ते गट तीन: कातकरी, कोलाम, माडिया गोंड. सातपुड्यातले भिल्ल आणि पावरा त्यात बसत नाहीत. म्हणजे लहान पाडा दोनदा मागे राहतो. दवाखान्यासाठी डोकी कमी, रस्त्यासाठीही डोकी कमी.

तिसरं माप सरासरीचं, आणि ते सगळ्यात कमी दिसतं. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली. बाईने दवाखान्यात बाळंत व्हावं म्हणून तिला रोख मदत द्यायची. त्यासाठी राज्यांचे दोन गट पाडले. जिथे दवाखान्यातली बाळंतपणं कमी, ती मागे पडलेली राज्यं. तिथे ग्रामीण भागात आईला १४०० रुपये. जिथे ती जास्त, ती पुढारलेली राज्यं. तिथे ७०० रुपये. मध्य प्रदेश पहिल्या गटात, महाराष्ट्र दुसऱ्या. आता नर्मदेवर उभे राहा. अलीकडे धडगाव, पलीकडे अलिराजपूर. डोंगर तसाच, गरिबी तशीच, पाणी तर एकच. पण अलीकडच्या आईला निम्मे पैसे, कारण तिच्या राज्यात मुंबई आणि पुणे आहेत! सरासरीत सगळ्यांची भर पडते, पण तिचा भार ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्या वाट्याला येतो.

माता का दगावतात, याची मांडणी थॅडियस आणि मेन या अभ्यासकांनी १९९४ साली तीन उशिरांच्या रूपात केली. निर्णय घ्यायला उशीर, पोहोचायला उशीर आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला उशीर. पहिल्या उशिराबद्दल आपण फार बोलतो. 'त्यांच्यात जागृती नाही' हे वाक्य शहरात बसून म्हणायला सोपं आहे. पण दुसरा उशीर निश्चित आहे आणि तिसऱ्याची भीती आहे, हे ज्याला ठाऊक आहे, त्याने निर्णय लांबवला तर त्याला अडाणी म्हणायचं का? पुष्कळदा तो अनुभवातून आलेला हिशेब असतो.

आता आक्षेप घेऊ, कारण तो खरा आहे. पैसा मर्यादित आहे. दीडशे माणसांसाठी जो खर्च होईल, त्यात सपाटीवरच्या दीड हजारांची सोय होईल. मग जास्तीत जास्त लोकांचं हित कशात? याला एक उत्तर कायद्याचं आहे. १९९६ साली पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की तातडीचे उपचार नाकारणं हा कलम २१चा, जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैसे नाहीत ही सबब चालणार नाही.

पण आम्हाला दुसरं उत्तर जास्त जवळचं वाटतं, आणि ते नंदुरबारमध्येच आहे. महाराष्ट्र विधानसभेचा पहिल्या क्रमांकाचा मतदारसंघ अक्कलकुवा. नर्मदाकाठच्या मतदारांसाठी निवडणुकीत यंत्रं आणि कर्मचारी होडीने जातात. मतदाराला साधारण २ किलोमीटरपेक्षा लांब जावं लागू नये, हा निवडणूक आयोगाचा निकष. तिथे आपण विचारत नाही की इतक्या थोड्या मतांसाठी एवढा खर्च का. कारण मताच्या बाबतीत आपण अंतर मोजतो. त्याच माणसाला ताप आला की आपण डोकी मोजायला लागतो. पाच वर्षांतून एकदा त्याच्या दारापर्यंत जाणारं राज्य, त्याच्या आजारपणात त्याने आपल्या दारापर्यंत यावं असं म्हणतं.

हे बदलता येतं, आणि थोडंफार बदललंही आहे. नर्मदेच्या पात्रात तरंगता दवाखाना चालला. २०२१ साली कोविडची लस याच काठावर बोटीने गेली. २०२०पासून नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. बोट गेली तेव्हा कोणी डोकी मोजली नाहीत, वाट मोजली. फक्त ती साथीपुरती किंवा प्रकल्पापुरती न राहता निकषातच लिहिली जायला हवी.

म्हणून यापुढे कुठलीही आरोग्य योजना वाचाल, तेव्हा रक्कम किती, केंद्रं किती, हे जरूर बघा. पण आणखी एक विचारा: सगळ्यात वरच्या पाड्यावरून, आषाढातल्या रात्री, तिथे पोहोचायला किती तास लागतील? याचं उत्तर ज्या कागदावर नाही, त्या कागदाने त्या पाड्याला अजून मोजलेलंच नाही.