जवालची वेळ आणि कॅमेरा

निसर्गाचे फोटो काढायचे असतील तर पहाटे निघा, नाहीतर संध्याकाळपर्यंत थांबा, दुपारी कॅमेरा पिशवीत ठेवा, असा सल्ला जो तो देतो. सल्ला चुकीचा नाही. पण देणाऱ्याने बहुधा कुटुंबासोबत सहल केलेली नसते. आमच्या घरी फजरनंतर डबे भरले जातात, मुले उठतात, एकाची चप्पल सापडत नाही, नानीमाँची औषधाची डबी शोधावी लागते. मुंबईहून लोकल पकडून कर्जतला उतरेपर्यंत साडेदहा वाजतात. रिक्षा ठरवून नदीकाठी पोहोचतो तेव्हा ऊन डोक्यावर आलेले असते, आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचे असते. थोडक्यात, आमच्यासारख्यांच्या वाट्याला दुपारच येते. तिच्याशीच जमवून घ्यायचे आम्ही ठरवले.

आधी दुपार समजून घेऊ. सकाळी सूर्य तिरका असतो, त्यामुळे डोंगराच्या प्रत्येक घडीला सावली मिळते आणि उंचसखलपणा दिसतो. दुपारी प्रकाश सरळ खाली पडतो, सावल्या वस्तूंच्या पायाशी गोळा होतात आणि डोंगर पुठ्ठ्यासारखा सपाट दिसतो. शिवाय उजेड आणि सावली यांतला फरक इतका वाढतो की कॅमेऱ्याला दोन्ही एकदम पेलत नाहीत. आकाश पांढरेफटक पडते किंवा झाडाखाली काळोख होतो. कर्जत-खालापूर भागात मे महिन्याच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य अगदी माथ्यावर येतो. मे महिन्यात दुपारी साडेबारानंतर दोन-चार मिनिटांनी उभ्या काठीची सावली जवळजवळ नाहीशी होते.

आपल्याला ही वेळ परकी नाही. ऐन मध्यान्ही नमाज मना आहे. सूर्य ढळला, सावली पुन्हा वाढू लागली की जुहरचा वक्त सुरू होतो. सूरह फुरकानमध्ये सावलीच्या पसरण्या-आटोपण्याकडे अल्लाहची निशाणी म्हणून लक्ष वेधले आहे. घराच्या भिंतीवर लावलेले नमाजचे वेळापत्रक म्हणजे छायाचित्रकाराचेही वेळापत्रकच आहे, हे आम्हाला उशिरा उमगले. अस्रचा वक्त सावलीच्या लांबीवर ठरतो. मध्यान्हीची सावली सोडून ती वस्तूएवढी झाली की कोकणातले आपले शाफई बांधव अस्र धरतात, दुप्पट झाली की हनफी. त्याच सुमारास डोंगरांच्या घड्या पुन्हा दिसू लागतात. म्हणून लांबचे डोंगर आम्ही अस्रसाठी राखून ठेवतो आणि दुपारी दुसरे काहीतरी शोधतो.

त्यात पहिले पाणी. सूर्य माथ्यावर असताना उजेड थेट तळापर्यंत जातो. उल्हास नदीच्या उथळ, नितळ पात्रात तळाचे गोटे दुपारीच सर्वांत स्पष्ट दिसतात. पृष्ठभागावरची चकाकी पोलरायझर फिल्टरने बरीच कमी होते. तो नसेल तर काठाची जागा बदलत राहावे, चकाकी सरकते. टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर कर्जतच्या काही गावांत उन्हाळी भात होतो. मे महिन्यात भोवताली पिवळे माळ आणि मध्ये हिरवेगार चौकोन, हे चित्र कडक उन्हातच खुलते.

दुसरे, पाने आणि फुले. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलला की झाडाखाली उभे राहून वर पाहा. पाकळीतून उजेड आरपार येतो आणि ती दिव्यासारखी पेटते. मागे निळे आकाश ठेवा.

तिसरे, सावलीतून उन्हाकडे पाहणे. कोंढाणे लेण्यांच्या आत उभे राहिले की दगडी कमानीची काळी चौकट मिळते आणि बाहेरचे रान तिच्यात बसते. मोबाइलवर बोट उजळ भागावर टेकवून उजेड थोडा कमी करावा. काळोख काळाच राहू द्यावा, पण पांढरे पडलेले आकाश मागून काही केले तरी परत येत नाही.

चौथे माथेरान, हेही कर्जत तालुक्यातच. सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी नेरळहून वर नेलेली छोटी रेल्वे 1907 मध्ये सुरू झाली. तिथल्या गर्द झाडीत दुपारी लाल मातीवर उजेडाचे गोल कवडसे पडतात. पानांमधली फट कशीही वेडीवाकडी असो, कवडसा गोलच, कारण ती सूर्याची प्रतिमा असते. सुमारे हजार वर्षांपूर्वी बसऱ्याच्या इब्न अल-हैसम यांनी अंधाऱ्या जागेत बारीक छिद्रातून येणाऱ्या उजेडावर प्रयोग केले होते. आज प्रत्येक कॅमेरा त्याच तत्त्वावर चालतो. मुलांना हे मातीवर दाखवले, तर पुस्तकात दाखवावे लागत नाही.

आमच्या नानीमाँ स्वतःचा फोटो काढू देत नाहीत. सजीवांच्या चित्रांबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत. डोंगर, झाड, पाणी यांबद्दल मात्र कुणाची हरकत नाही. त्यामुळे सहलीत पळसाजवळचा फोटो त्याच निवडतात. त्यांच्यामुळे आम्हाला एक सवय लागली: वाडीवरच्या माणसाला विचारल्याशिवाय कॅमेरा त्याच्याकडे वळवायचा नाही.

आता एका फसलेल्या फोटोविषयी. 2023 च्या आधीच्या एका हिवाळ्यात आम्ही खालापूर तालुक्यातल्या चौककडून इर्शाळगडाकडे निघालो होतो. वाटेत ठाकर बांधवांची इर्शाळवाडी लागली. तिथे पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. सुळक्याचा फोटो काढला. सुळका सपाट, आकाश फिके, खाली घरांची छपरे लखलखीत. घरी येऊन तो पुसून टाकायच्या बेतात होतो, पण राहून गेला.

19 जुलै 2023 च्या रात्री मुसळधार पावसात दरड कोसळली आणि वाडी गाडली गेली. 27 मृतदेह सापडले, अनेक जण सापडलेच नाहीत. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. काही दिवसांनी आम्ही तो फोटो पुन्हा उघडला. सकाळच्या तिरप्या उन्हात सुळका देखणा आला असता आणि घरे कदाचित डोंगराच्या सावलीत बुडाली असती. त्या निर्दय दुपारच्या उजेडात मात्र छप्पर न् छप्पर मोजता येत होते, अंगणातली लाकडाची मोळीसुद्धा. आम्ही त्याच्या मोठ्या प्रती काढून चौकच्या एका ओळखीच्या गृहस्थाकरवी वाचलेल्यांकडे पाठवल्या. आठवड्याने निरोप आला, आणखी एक प्रत हवी आहे.

तेव्हापासून दुपारचा कोणताही फोटो आम्ही घाईने पुसत नाही. तुम्हीही सहलीला निघाल तेव्हा पाणी भरपूर घ्या, मुलांच्या डोक्यावर रुमाल बांधा, आणि ऐन जवालला कॅमेरा ठेवून सावलीत डबा उघडा. मग नदीवर वुजू करा, जुहर अदा करा. तोवर सावली पूर्वेकडे सरकू लागलेली असते. ती कुठवर आली ते पाहा आणि कॅमेरा उचला.