मजुरी नव्हे, कळपात वाटा

देवगाव फाट्यासह (ता. सेलू) मराठवाड्यात शेळी अर्धलीने सांभाळायला देतात. शेळी एकाची, राखण दुसऱ्याची, करडं निम्मी-निम्मी. ही गरिबाची तात्पुरती सोय मानली जाते. माझ्या मते भूमिहीनाला मालक करणारी ही भक्कम वाट आहे. अर्जेंटिनातले आयरिश मेंढपाळ याचा पुरावा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर वेस्टमीथ, लाँगफर्ड, वेक्सफर्ड या आयर्लंडमधल्या परगण्यांतून हजारो माणसं ब्यूनस आयर्स प्रांतात गेली. तिथे राखणदार कमी आणि लोकरीला युरोपात मोठी मागणी. म्हणून मालक रोख पगाराऐवजी कोकरांचा आणि लोकरीचा निम्मा किंवा तिसरा हिस्सा देत. स्वतःचा कळप झाला की जमीन आधी खंडाने, मग जमेल त्याला विकत. १८४४ मध्ये तिथे पोहोचलेले धर्मगुरू अँथनी फाही या लोकांची बचतही सांभाळत. हा आधार नसता तर कळप वाढूनही पैसा टिकला नसता.

आक्षेप असा, की पंपासच्या गवताळ मुलखात जमीन मुबलक होती आणि ती मूळ रहिवाशांना हुसकावून मिळवलेली होती. दोन्ही खरं. कित्येक मेंढपाळ शेवटपर्यंत भूमिहीनच राहिले, हेही खरं. पण कळप जमिनीच्या आधी उभा राहिला, हा मुद्दा त्याने खोटा ठरत नाही. कळप आपल्याकडेही उभा राहू शकतो: मराठवाड्यातली उस्मानाबादी शेळी अनेकदा जुळी करडं देते आणि बांधावरच्या पाल्यावरही तगते. आपल्याकडची अडचण वेगळीच आहे: शेळी दगावली तर तोटा कुणाचा, हे तोंडीच ठरतं. अर्धलीचा करार साक्षीदारांसमोर कागदावर करा.