उड्डाणापूर्वींची प्रतीक्षा

अक्कलकुवा तालुक्यांतील काठी या गांवीं होळीच्या रात्रीं सातपुड्याच्या दऱ्याखोऱ्यांतून हजारों माणसें जमतात. ढोल घुमतात, नाच रंगतो. परंतु होळी पेटते ती पहाटे. रात्रभर वाट पाहिल्यावांचून अग्नीचें दर्शन नाहीं, असा तेथील रिवाज आहे. अग्निबाणाच्या उड्डाणाची वाट पाहणारांची स्थिति कांहींशी अशीच असते. भेद इतकाच कीं, काठीच्या होळीची वेळ रूढीनें ठरलेली आहे; अग्निबाण ठरल्या वेळीं उडेलच, असें मात्र कोणीहि सांगूं शकत नाहीं.

याचा प्रत्यय २०२४ सालीं श्रीहरिकोटा येथें आला. चेन्नईच्या अग्निकुल कॉसमॉस या खाजगी कंपनीचा पहिला चांचणी-अग्निबाण तेथें सिद्ध झाला होता. उंची सुमारें साडेतीन पुरुष आणि वजन अवघें ५७५ किलो. तरीहि मार्च ते मे या अवधींत चार वेळां उड्डाण पुढें ढकलावें लागलें. ७ एप्रिल रोजीं अवघे १२९ सेकंद उरले असतां गणना थांबली. २८ मे रोजीं तर पांचसहा सेकंदच उरले होते. त्या वेळीं इंधन पेटविणाऱ्या साधनाची पुनः तपासणी आवश्यक ठरली.

एवढ्याशा बाणासाठीं इतका खोळंबा कां? याचें उत्तर त्याच्या इंधनांत आहे. विमानांत वापरतात त्या जातीचें रॉकेल आणि द्रवरूप प्राणवायु यांच्या संयोगानें हें यंत्र चालतें. प्राणवायु द्रवरूपांत राहावयाचा तर तो उणे १८३ अंशांहूनहि थंड ठेवावा लागतो. थोडी ऊब लागली कीं तो उकळूं लागतो. म्हणून तो आधींच भरून निश्चिंत होतां येत नाहीं. अखेरच्या कांहीं तासांतच टांक्या भरणें, नळ्या थंड करणें, दाब जुळविणें आणि झडपा तपासणें हीं सर्व कामें उरकावयाचीं असतात. या प्रत्येक कामावर गणकयंत्राची नजर असते. एखादें माप ठरल्या मर्यादेबाहेर गेलें, तर माणसाची संमति न विचारतां तें गणना थांबवितें.

दिवाळींतील बाणाची गोष्ट निराळी. त्यांतील दारू घन असते. एकदां वात लागली कीं ती विझवितां येत नाहीं. हैदराबादच्या स्कायरूट कंपनीचा विक्रम-एस हा अग्निबाण याच घन जातीचा होता. या कंपनीनें आपल्या एका लहान घन यंत्राची जमिनीवरील चांचणी २०२० च्या डिसेंबरांत नागपूर येथें केली होती. विक्रम-एस १८ नोव्हेंबर २०२२ रोजीं उडाला. हवामानामुळें त्यालाहि तीन दिवस थांबावें लागलें. मग तो ८९.५ किलोमीटर उंच गेला. अक्कलकुव्याहून नंदुरबारला जाऊन परत येण्यास जेवढें अंतर पडतें, जवळजवळ तेवढें तो सरळ वर चढला. भारतांतील खाजगी कंपनीच्या अग्निबाणाचें तें पहिलें उड्डाण होय.

असले बाण पृथ्वीभोंवतीं फिरत राहत नाहींत. त्याकरितां सेकंदास जवळजवळ ८ किलोमीटर गति हवी. हे बाण वर जाऊन समुद्रांत पडतात. त्यांचें खरें फळ म्हणजे उड्डाणांत मिळालेली माहिती. परंतु लहान कंपनीजवळ दुसरा बाण तयार नसतो, आणि अनेक वर्षांची मेहनत व दुसऱ्यांनीं विश्वासानें गुंतविलेला पैसा त्या एका बाणावर अवलंबून असतो. म्हणूनच गणना थांबली कीं प्रेक्षक हिरमुसले, तरी जाणता तंत्रज्ञ सुटकेचा निःश्वास टाकतो. जमिनीवर सांपडलेला दोष दुरुस्त करतां येतो. आकाशांत प्रकट झालेला दोष सारा बाण घेऊन जातो.

अखेर ३० मे २०२४ रोजीं सकाळीं सव्वासात वाजतां तो बाण उडाला. धातूच्या भुकटीचे थरावर थर वितळवून एकसंध घडविलेलें त्याचें यंत्र नीट चाललें. चार वेळां थांबण्याचें धैर्य नसतें, तर पांचव्या वेळीं उडण्यास तो बाण कदाचित् शिल्लकच राहिला नसता. उड्डाण क्षणांत संपतें. त्याची कसोटी त्यापूर्वींच्या प्रतीक्षेंत लागलेली असते.