साताऱ्यात २८५ ‘नकुशीं’चं पुन्हा बारसं झालं, पण मुलाला नावाचा हक्क असतो म्हणजे नेमकं काय?

२२ ऑक्टोबर २०११. साताऱ्यात एक सरकारी कार्यक्रम झाला. कार्यक्रम बारशाचा होता, पण पाळणा नव्हता. ज्यांचं बारसं होतं त्यांच्यात पंधरा वर्षांची मुलगीही होती. जिल्ह्यातल्या २८५ मुलींनी त्या दिवशी आपलं जुनं नाव सोडलं आणि नव्या नावाचं प्रमाणपत्र घेतलं. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली. जुनं नाव मात्र सगळ्यांचं जवळपास एकच होतं. नकुशी, नकुसा किंवा नकोशी.

‘लागी तुझसे लगन’ या हिंदी मालिकेमुळे हे नाव देशभर पोचलं होतं. पण ते टीव्हीवाल्यांनी शोधलेलं नाही. दोन-तीन मुलींनंतर पुन्हा मुलगीच झाली की तिचं नाव नकुशी ठेवायचं, म्हणजे पुढचा मुलगा होतो, असा समज. इथे एक गंमत बघा. आपल्याकडे दगडू, धोंडू अशीही नावं ठेवायचे. मूल जगत नसेल तर नाव वाईट ठेवायचं, म्हणजे दृष्ट लागत नाही आणि ते वाचतं. दगडू हे नाव त्या मुलासाठी होतं. नकुशी हे नाव त्या मुलीसाठी नव्हतंच, ते अजून न जन्मलेल्या भावासाठी होतं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. हरियाणात ‘भतेरी’, म्हणजे बस झालं, अशा नावाच्या बायका भेटतात. चीनमध्ये मुलींना ‘चाओदी’ म्हणतात, त्याचा अर्थ धाकट्या भावाला बोलावणारी.

मग यात हक्काचा प्रश्न कुठून आला? संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्क संहिता मंजूर केली आणि भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली. तिच्या सातव्या कलमात म्हटलंय की जन्माची नोंद होणं आणि नाव मिळणं हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे. आठवं कलम मुलाची ओळख जपायला सांगतं. कागदावर पाहिलं तर नकुशीला नाव मिळालेलंच होतं. पण शाळेत रोज हजेरी घेताना बाई सगळ्या वर्गासमोर ‘नकोशी’ म्हणून हाक मारणार आणि ती ‘हजर’ म्हणणार, याला ओळख जपणं कसं म्हणायचं?

तेव्हाचे जिल्हा आरोग्य अधिकारी डॉ. भगवान पवार यांच्या कल्पनेतून हा कार्यक्रम झाला. एरवी अशा नावातून सुटका व्हायचीच तर लग्नात, सासरी नाव बदललं की. म्हणजे तोवर अख्खं बालपण संपलेलं.

अर्थात प्रमाणपत्र मिळालं म्हणून काम संपत नाही. शाळेचं जनरल रजिस्टर, दाखला, रेशनकार्ड, आधार, सगळीकडे जुनं नाव असतं. आणि घरातल्या आजीच्या तोंडातलं नाव कुठल्याच अर्जाने बदलत नाही.

नकुशींबद्दल बोलताना एक गोष्ट राहून जाते. या निदान जन्माला आलेल्या मुली आहेत. निसर्गतः हजार मुलग्यांमागे साधारण ९५० मुली जन्मतात. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये हे प्रमाण साताऱ्यात ८७८ आणि शेजारच्या सांगलीत ८५१ होतं. मार्च २०१७ मध्ये सांगलीच्या मिरज तालुक्यातल्या म्हैसाळमध्ये ओढ्याजवळ पुरलेले १९ भ्रूण सापडले. गर्भपातादरम्यान एका महिलेचा मृत्यू झाला, त्याच्या तपासातून ते उघड झालं.

इथे अनेकांचा गोंधळ होतो. कायद्याच्या अटींत बसणारा गर्भपात भारतात गुन्हा नाही. गुन्हा आहे तो लिंगनिदान करणं. त्याविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्येच कायदा केला, देशाचा कायदा १९९४ चा. पहिल्या गुन्ह्याला डॉक्टरला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गर्भवतीला नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी भाग पाडलं, असंच कायदा आधी गृहीत धरतो. साताऱ्याच्या अ‍ॅड. वर्षा देशपांडे यांनी स्टिंग ऑपरेशन करून असे डॉक्टर पकडून दिले. २०२५ चा संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार त्यांना मिळाला.

आता नावाची कामाची माहिती. बाळाची जन्मनोंद नावाशिवायही करता येते. नंतर बारा महिन्यांच्या आत नाव घातलं तर शुल्क नाही, त्यापुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. ठेवलेलं नाव बदलायचं असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रात ते प्रसिद्ध करावं लागतं. अर्ज ऑनलाइन होतो, मुलगी अठराच्या आत असेल तर आई-वडील करतात. शाळेच्या नोंदीतल्या बदलासाठी मुख्याध्यापकांकडे वेगळा अर्ज द्यावा लागतो, आणि तो मुलगी त्या शाळेत असतानाच दिलेला बरा.